तिसऱ्या, उंदीर आणि कोलेस्टेरॉल

माझ्या एका वयस्क स्नेह्यांना त्यांच्या डॉक्टरांनी मध्यंतरी रक्ततपासणीचा कागद पाहून 'शेलफिश वर्ज्य' असा दोन शब्दांचा हुकूम फर्मावला, आणि तो घेऊन ते घरी परतले तेव्हा त्याची अंमलबजावणी कशी करावी याविषयी स्वयंपाकघरात मोठाच घोळ उडाला. कारण मिठाच्या पाण्यात घालून ठेवलेल्या तिसऱ्या परातीत मंदपणे तोंडे उघडीत-मिटीत होत्या, आणि वहिनी विळीवर बसून एकेक तिसरी पात्याला लावून, एक शिंप टाकावी नि दुसरीला मांस राहावे अशा बेताने, एकशिपीची तयारी करीत होत्या. 'शेलफिश' म्हणजे तिसऱ्या, की कोळंबी, की कुर्ल्या, की माकुल, की हे झाडून सगळे, एवढेच त्यांनी विचारले. स्नेह्यांपाशी उत्तर नव्हते. माझ्यापाशीही नव्हते; आणि पुढे कुतूहलाने या विषयाचे दप्तर चाळू लागलो तेव्हा ध्यानात आले, की वहिनींनी विळीवरून सहज विचारलेला हा प्रश्न प्रयोगशाळांच्या वाटेतही शंभर वर्षे निरनिराळ्या वेषांत आडवा येत राहिला आहे.

इंग्रजी भाषेने हे सारे प्राणी एकाच शब्दात कोंबले आहेत. आपल्या किनाऱ्यावरच्या भाषेला तशी गरज कधी भासली नाही. तिसऱ्या, खुबे, शिनाणे आणि खडकाला घट्ट चिकटून बसलेली कालवे हे दोन शिंपांत राहणारे मृदुकाय. कोळंबी, शेवंड आणि कुर्ली हे कवचधारी, सांध्यांच्या पायांचे, म्हणजे गोत्राने पाहू गेल्यास कीटकांच्या अधिक जवळचे. आणि माकुल तर मृदुकायांच्या कुळात जन्मून बाहेरचे कवच टाकून दिलेला. यांच्या मांसातील मेदाचे स्वरूप, त्यांचे अन्न आणि त्यांच्यातील कोलेस्टेरॉलचे प्रमाण यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. अमेरिकी अन्नकोष्टके पाहिली तर शंभर ग्रॅम कच्च्या शिनाण्यांत किंवा तिसऱ्यांत कोलेस्टेरॉल सुमारे ३० मिलिग्रॅम, कालवांत ५० च्या आसपास, कोळंबीत दीडशे ते एकशे नव्वद, आणि माकुलात २३० च्या घरात भरते. तुलनेसाठी सांगायचे तर एका मोठ्या अंड्यात ते १८५ मिलिग्रॅमच्या आगेमागे असते.

परंतु खाल्लेले कोलेस्टेरॉल रक्तात उतरते काय, हा प्रश्न मूळचा सशाचा आहे. १९०८ साली सेंट पीटर्सबर्ग येथे इग्नातोव्स्की नावाच्या वैद्याने सशांना मांस, अंडी आणि दूध चारले, आणि त्या बिचाऱ्या तृणभक्षकांच्या महारोहिणीच्या भिंतीवर मेदाचे थर साचलेले त्याला आढळले. दोष प्रथिनांचा, असे त्याचे अनुमान होते. पाच वर्षांनी, १९१३ साली, त्याच नगरीत निकोलाय अनिच्कोव्ह आणि त्याचा सहकारी खलातोव्ह यांनी अन्नाचा सारा गोंधळ बाजूला सारून शुद्ध कोलेस्टेरॉल सूर्यफुलाच्या तेलात विरघळवले, ते सशांना दिले, आणि रोहिण्यांत तशाच पिवळसर गाठी उत्पन्न करून दाखविल्या. तोवर कोलेस्टेरॉल हा पदार्थ रसायनशास्त्राला अपरिचित होता असे नव्हे. पित्ताशयातील खड्यांत तो अठराव्या शतकातच सापडला होता, आणि फ्रान्सच्या शेव्रल या दीर्घायुषी रसायनज्ञाने ग्रीक भाषेतील पित्त आणि घन या दोन शब्दांची सांगड घालून त्याचे नामकरणही केले होते. पण खड्यांतला तो निरुपद्रवी पांढरा पदार्थ हृदयविकाराचा आरोपी म्हणून प्रथम उभा राहिला तो सशाच्या साक्षीवर.

आता या साक्षीची गंमत अशी, की तेच कोलेस्टेरॉल उंदराला आणि कुत्र्याला दिल्यावर तसे काही घडेना. विरोधकांनी साहजिकच म्हटले, की जन्मात ज्याने प्राणिज मेद चाखला नाही अशा सशाला तो बळाने खाऊ घालून निष्कर्ष काढणे म्हणजे बैलाला खानावळीत बसवून मिसळीचा अभिप्राय घेणे होय. हा आक्षेप अगदीच पोकळ नव्हता. परंतु ससा आणि उंदीर यांच्यात भेद का पडावा हे समजून घेतले, तर मेदाच्या चयापचयाचे अर्धे रहस्य आपोआप उलगडते.

शरीर कोलेस्टेरॉलचा जमाखर्च ठेवते. जमेच्या बाजूला दोन रकमा असतात: एक अन्नातून येणारी, आणि दुसरी, पुष्कळांना ठाऊक नसलेली व बहुधा मोठी, म्हणजे यकृत व इतर पेशींनी स्वतः घडविलेली. खर्चाची बाजू मात्र अत्यंत अरुंद आहे. कोलेस्टेरॉल जाळून त्याची ऊर्जा करण्याची विद्या शरीरापाशी नाही. यकृताने त्यापासून पित्ताम्ले बनवावीत, ती आतड्यात सोडावीत, आणि काही भाग विष्ठेबरोबर बाहेर पडावा, एवढाच काय तो मोठा निचरा. त्यातही शरीर इतके चिक्कू, की आतड्यात गेलेल्या पित्ताम्लांपैकी शंभरांतील पंचाण्णव भाग लहान आतड्याच्या अखेरच्या टापूत पुन्हा वसूल करून ते यकृताकडे परत धाडते. उंदराचे यकृत, आवक वाढली की पित्ताम्ले बनविण्याचा वेग झपाट्याने वाढविते, आणि म्हणून त्याच्या रक्तातील बाकी फारशी हलत नाही. सशाला ही तातडीची तजवीज साधत नाही, त्याचे दप्तर तुंबते आणि रक्त मेदाने अक्षरशः दुधाळ होते. शिवाय उंदराला पित्ताशयच नसते, पित्त अखंड झिरपत राहते. आणि त्याच्या रक्तातले बहुतेक कोलेस्टेरॉल ज्याला आपण 'चांगले' म्हणतो त्या एचडीएल कणांत वास करते, तर माणसाचे प्रामुख्याने एलडीएल या बदनाम कणांत.

साक्षीदाराची निवड किती निर्णायक ठरते याचे याहून बोलके उदाहरण तिसऱ्यांच्या नव्हे, औषधाच्या इतिहासात आहे, आणि विषयांतर पत्करूनही ते सांगण्याचा मोह आवरत नाही. १९७३ साली जपानच्या अकिरा एंडो यांनी एका निळसर बुरशीतून कोलेस्टेरॉलची घडण रोखणारे द्रव्य वेगळे काढले. उंदरांना दिले, रक्तातील कोलेस्टेरॉल तसूभरही उतरेना. उंदराचे यकृत, रोखलेल्या विकराची निपज तितकीच वाढवून, औषधाला दाद देत नव्हते. प्रकरण जवळजवळ बरखास्त होणार, इतक्यात अंडी घालणाऱ्या कोंबड्यांवर ते द्रव्य अजमावण्याची कल्पना निघाली, कारण अंड्यासाठी कोंबडीला कोलेस्टेरॉल सढळ हाताने घडवावे लागते. आणि कोंबड्यांच्या रक्तातील पातळी जवळपास निम्म्यावर आली. आज जगभर कोट्यवधी माणसे रात्री निजताना जी स्टॅटिनची गोळी घेतात, तिचा वंश त्या बुरशीपर्यंत पोचतो. उंदरावरच विसंबून राहिले असते तर ती तेथेच फेकली गेली असती.

असे असूनही शिंपल्यांचे बहुतेक प्रयोग उंदरांवरच झाले आहेत; तो स्वस्त, आटोपशीर आणि लवकर वाढणारा म्हणून. मग त्याचे हट्टी रक्त हलवायचे कसे? त्यासाठी प्रयोगशाळांनी एक युक्ती रूढ केली आहे. त्याच्या कोरड्या खाद्यात शेकडा एक भाग कोलेस्टेरॉल मिसळतात, आणि पुष्कळदा वर कोलिक आम्ल नावाचे पित्ताम्लही घालतात, जे एकीकडे आतड्यातील शोषण वाढविते आणि दुसरीकडे यकृताला 'पित्ताम्ले पुरेशी आहेत' अशी समजूत घालून निचऱ्याची मोरी बुजवते. शेकडा एक हे प्रमाण ऐकायला क्षुल्लक वाटते. पण दिवसाला अर्धा किलो कोरडा शिधा खाणाऱ्या माणसाच्या मापाने हिशेब केला तर ते पाच ग्रॅम होते, म्हणजे रोजची सत्तावीस अंडी. अशा मेदग्रस्त उंदरांच्या एका गटाला वाळवून पूड केलेले शिंपल्यांचे मांस द्यायचे, दुसऱ्या गटाला तितक्याच वजनाचे केसीन, म्हणजे दुधातले प्रथिन, द्यायचे, आणि काही आठवड्यांनी दोघांचे रक्त, यकृत व विष्ठा तपासायची, अशी या प्रयोगांची सर्वसाधारण रीत.

या रीतीत एक खोच दडलेली आहे. १९४०-४१ च्या सुमारास न्यूयॉर्कच्या मीकर आणि केस्टन या संशोधकांनी दाखवून दिले, की कोलेस्टेरॉलचा कणही नसलेल्या आहारात नुसते केसीन वाढविले तरी सशाचे रक्त मेदाळ होते, आणि त्याजागी सोयाबीनचे प्रथिन घातले तर होत नाही. म्हणजे प्रथिनांवर आळ घेणारा इग्नातोव्स्की अगदीच चुकलेला नव्हता. आणि म्हणजेच, केसीनच्या शेजारी उभे केलेले शिंपल्याचे मांस गुणी ठरले, तर त्यात मांसाचा गुण किती आणि शेजाऱ्याचा अवगुण किती, हे वेगळे काढावे लागते. वृत्तपत्रांतून 'अमुक पदार्थाने कोलेस्टेरॉल घटले' असे मथळे वाचताना, कशाच्या तुलनेत घटले, हा प्रश्न मी हे कळल्यापासून स्वतःला विचारू लागलो आहे.

आता शिंपल्यांच्याच पोटात शिरू. तिसरी आणि कालव यांची कोलेस्टेरॉलबद्दलची अपकीर्ती पुष्कळ अंशी मोजणीच्या चुकीतून जन्मली. जुन्या काळी कोलेस्टेरॉल मोजायचे ते रंगावरून: अर्कात अ‍ॅसेटिक अ‍ॅनहायड्राइड आणि तीव्र गंधकाम्ल घातले की हिरवा रंग चढतो, आणि जितका गडद रंग तितके कोलेस्टेरॉल अधिक, असा निवाडा होई. परंतु हा रंग कोलेस्टेरॉलचा एकट्याचा नव्हे; त्याच्या गोत्रातील इतर स्टेरॉलेही तोच रंग देतात, आणि तिसऱ्या-कालवांत अशा भाऊबंदांची मोठीच वर्दळ असते. हे प्राणी समुद्राचे पाणी गाळून त्यातील सूक्ष्म वनस्पती खातात, आणि त्या वनस्पतींतील स्टेरॉले त्यांच्या मांसात येऊन वसतात. ब्रासिकास्टेरॉल हे त्यांतलेच एक, आणि २४-मेथिलीन कोलेस्टेरॉल हे दुसरे, जे कॅनडातील शास्त्रज्ञांनी १९५५ साली शिंपल्यांतून ओळखून काढले. पुढे वायुवर्णलेखनाचे तंत्र आले, प्रत्येक स्टेरॉल वेगळे मोजता येऊ लागले, आणि पूर्वी कोलेस्टेरॉलच्या खाती मांडलेल्या रकमेचा बराच भाग या भाऊबंदांचा असल्याचे उघड झाले.

बरे, हे भाऊबंद नुसते निरुपद्रवी पाहुणे नाहीत. आतड्यात मेद शोषला जाण्यापूर्वी तो पित्ताम्लांनी बनविलेल्या अतिसूक्ष्म गोळ्यांत चढावा लागतो, आणि त्या गोळ्यांत जागा मोजकीच. वनस्पतिजन्य स्टेरॉले तेथे गर्दी करतात आणि कोलेस्टेरॉलला बाहेर तिष्ठत ठेवतात. स्वतः मात्र ती फारशी आत जात नाहीत, कारण आतड्याच्या भिंतीतील पेशी त्यांना परके म्हणून ओळखून पुन्हा आतड्याच्या पोकळीत ढकलून देतात. १९८१ साली अमेरिकेतील काही शास्त्रज्ञांनी हे उंदरावर प्रत्यक्ष पाहिले. आतड्यातून शोषलेला मेद ज्या लसीकावाहिनीतून रक्ताकडे जातो तीत बारीक नळी बसवून, शिंपल्यांतील स्टेरॉले पाजल्यावर त्या नळीतून थेंबथेंब येणारी लसीका त्यांनी गोळा केली. आणि ही स्टेरॉले कोलेस्टेरॉलच्या मानाने कमी शोषली जातात असे त्यांना आढळले. कोळंबीत हा प्रकार नाही. तिच्या मांसातील स्टेरॉल म्हणजे जवळपास निव्वळ कोलेस्टेरॉल.

दुसरे द्रव्य टॉरीन. १८२७ साली जर्मनीत टीडेमान आणि ग्मेलिन यांनी बैलाच्या पित्तातून ते वेगळे काढले, म्हणून बैलवाचक लॅटिन शब्दावरून हे नाव. तिसऱ्या, कालवे, माकुल यांच्या मांसात ते विपुल असते. जपानात सुकविलेल्या माकुलावर पांढरी भुकटी धरते, तीतही ते असते. यकृत पित्ताम्लांना आतड्यात धाडण्यापूर्वी त्यांच्याशी टॉरीन किंवा ग्लायसीन यांपैकी एकाची जोडी बांधते. कोलेस्टेरॉलयुक्त खाद्य खाणाऱ्या उंदराला टॉरीन दिले, की पित्ताम्ले घडविणारे पहिले विकर तेजीत येते, विष्ठेवाटे पित्ताम्लांचा खर्च वाढतो, आणि रक्तातील व यकृतातील कोलेस्टेरॉल उतरते. हा अनुभव प्रयोगशाळांत पुनःपुन्हा आला आहे. जपानात शिजिमी नावाच्या लहान शिंपल्यांचे मिसो घातलेले सार यकृताला हितकर म्हणून पिढ्यानपिढ्या प्यायले जाते, आणि त्या शिंपल्यांच्या अर्काने मेदग्रस्त उंदरांच्या रक्तातील कोलेस्टेरॉल घटते असे तेथील संशोधकांनी दाखविले आहे, याचा तेथील गृहिणींना नवल वाटण्यापेक्षा अभिमानच वाटत असेल. पण येथेही साक्षीदार तपासून घ्यावा. उंदराची पित्ताम्ले बहुतेक सारी टॉरीनशी जोडलेली असतात. माणसाची मात्र टॉरीनच्या मानाने ग्लायसीनशी सुमारे तिप्पट. उंदराच्या घरी जे द्रव्य मुख्य कारभारी, ते आपल्या घरी दुय्यम कारकून आहे.

मेदाच्या दुसऱ्या शाखेविषयी, म्हणजे ट्रायग्लिसराइडांविषयी, थोडक्यात सांगतो. समुद्री प्राण्यांतील ओमेगा-३ मेदाम्ले उंदराच्या यकृतातील मेदनिर्मितीची जनुके मंदावतात आणि मेद जाळणारी चेतवितात, त्यामुळे रक्तातील ट्रायग्लिसराइडे घटतात. माणसातही ती घटतात, मात्र या मेदज्वलनाला कृंतकांचे यकृत आपल्या यकृतापेक्षा कितीतरी अधिक उत्साहाने प्रतिसाद देते. आणि तिसऱ्यांच्या मांसात मेदच मुळी शेकडा एक-दोन भाग, तेव्हा वाटीभर तिसऱ्यांत ओमेगा-३ चे भांडार शोधू जाऊ नये.

राहता राहिले कवच. आपण कोळंबीची साले सोलून टाकून देतो, त्या सालांतील कायटिनपासून कायटोसॅन नावाचे तंतुमय द्रव्य बनते. फुकुओका येथील क्यूशू विद्यापीठाचे सुगानो व त्यांचे सहकारी यांनी १९८० च्या सुमारास ते उंदरांच्या खाद्यात दोन ते पाच टक्के मिसळले आणि कोलेस्टेरॉल खाऊनही त्यांचे रक्त ताळ्यावर राहते असे दाखविले. कायटोसॅन आतड्यात पित्ताम्ले व मेद यांना पकडून बाहेर नेते. यावरून औषधांच्या दुकानांत 'मेद शोषून घेणाऱ्या' गोळ्यांचा मोठा व्यापार उभा राहिला. माणसांवरील परिणाम इतका तुटपुंजा निघाला, की त्या गोळ्यांवर खर्च करण्यापेक्षा त्या पैशाची कोळंबी आणावी असे माझे मत आहे.

अखेर प्रश्न माणसाचा, आणि त्याचे उत्तर माणसालाच विचारलेले बरे. १९९० साली सिअ‍ॅटल येथील वॉशिंग्टन विद्यापीठात अठरा निरोगी पुरुषांना त्यांच्या नेहमीच्या प्राणिज प्रथिनांऐवजी तीन-तीन आठवडे कधी कालवे, कधी तिसऱ्या, कधी खेकडे, कधी शिनाणे, कधी माकुल तर कधी कोळंबी असा आहार दिला गेला. कालवे, तिसऱ्या आणि खेकडे यांनी रक्तातील मेद काहीसा उतरला. माकुल आणि कोळंबी यांनी तसे काही झाले नाही. १९९६ साली न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठातील प्रयोगात रोज ३०० ग्रॅम कोळंबी, म्हणजे सुमारे ५९० मिलिग्रॅम कोलेस्टेरॉल, तीन आठवडे खाणाऱ्यांचे एलडीएल शेकडा सात भाग वाढले, पण एचडीएल शेकडा बारा भाग वाढले आणि ट्रायग्लिसराइडे तेरा भागांनी घटली. अमेरिकेतील हृदयरोगतज्ज्ञांच्या संघटनेने १९६८ साली घालून दिलेली दिवसाला ३०० मिलिग्रॅमची मर्यादा तेथील सरकारच्या आहारविषयक मार्गदर्शनातून २०१५ साली वगळण्यात आली, त्यामागे अशाच अनेक प्रयोगांचा साचलेला भार होता. रॉकफेलरच्या प्रयोगातील कोळंबी वाफवलेली होती, हे मात्र विसरू नये. आपल्या कढईत ती पडते तेव्हा तिच्याबरोबर तेल पडते आणि ओल्या खोबऱ्याचे वाटण पडते, आणि रक्तातील एलडीएल वाढविण्याच्या कामी खोबऱ्यातील संतृप्त मेद हा कोळंबीतील कोलेस्टेरॉलपेक्षा अधिक तरबेज आहे.

आणि ज्या कोळंबीवर कोलेस्टेरॉलचा एवढा ठपका, तिला स्वतःला ते बनविताच येत नाही! कवचधारी प्राण्यांच्या शरीरात ही घडण मुळातच नाही. त्यांना ते अन्नातून मिळाले नाही तर कात टाकता येत नाही आणि वाढ खुंटते, म्हणून कोळंबीची शेती करणाऱ्यांना खाद्याच्या पोत्यात कोलेस्टेरॉल विकत घेऊन घालावे लागते.

आमच्या स्नेह्यांच्या घरी त्या दिवशीची एकशिपी शेवटी शेजारी गेली. ज्यांच्या हृदयाला आधीच इजा पोचली आहे, ज्यांना मधुमेह आहे, किंवा ज्यांच्या घराण्यातच कोलेस्टेरॉल चढे असते, त्यांनी आपल्या ताटाचा निर्णय डॉक्टरांवरच सोपवावा, उंदरावर नव्हे आणि माझ्यासारख्या लेखकावर तर नव्हेच. फक्त विचारताना 'शेलफिश चालेल का' असे मोघम विचारू नका. तिसऱ्या की कोळंबी, कालवे की माकुल, किती, आणि कशात शिजवलेली, हे नावनिशीवार विचारा.